मराठीत छापून येईपर्यंत

दिल्लीत आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरसमोर हिरवळीचा एक तुकडा होता. थंडीच्या दिवसांत दर रविवारी सकाळी दहा वाजता तिथे तीन खुर्च्या मांडल्या जात. त्यांवर तीन मराठी सरकारी माणसं बसत आणि आठवडाभरात खेळाच्या जगात जे काही घडलं असेल त्याचा निकाल लावत. चौथी मी. मला खुर्ची नव्हती, वेताचा मोडा, म्हणजे बिनपाठीचं बुटकं स्टूल, होता. मी तेरा वर्षांची होते आणि तो मोडा मला नको नको झाला होता.

तिघांतले एक माझे बाबा. ते क्रिकेटवाले. दुसरे समोरच्या ब्लॉकमधले काका, कोल्हापूरचे, कुस्तीवाले. तिसरे आमच्या वर राहणारे चाचा, रत्नागिरीचे, वयाने सगळ्यांत मोठे. त्यांना टेनिस आणि फुटबॉल आवडायचं, पण अध्यक्ष असल्यामुळे आपली आवड ते बाजूला ठेवायचे. निदान तसं म्हणायचे तरी. तिघंही वेगवेगळ्या मंत्रालयांत होते आणि सोमवार ते शनिवार तिथे त्यांच्या मताला कुणी विचारत नसे. त्यामुळे रविवारी तिघांची मतं तुंबलेली असायची.

मी वाचक होते. दिल्लीत वाढल्यामुळे माझं मराठी पातळ होत चाललंय अशी आईची तक्रार होती, म्हणून मराठी पेपरातलं खेळाचं पान मी मोठ्यांदा वाचायचं असं ठरलं होतं. आमचा पेपर टपालाने यायचा. शनिवारी येणाऱ्या गठ्ठ्यात सगळ्यांत ताजा अंक बुधवारचा. सभेचा पहिला आणि शेवटचा नियम या गठ्ठ्यातूनच निघाला होता. मराठीत छापून आलेलं नाही ते घडलेलं नाही.

नियमाला कारण काका. ते ऑफिसात इंग्रजी पेपर वाचून यायचे आणि बाबा रंगात येऊन एखादा मुद्दा मांडत असले की मध्येच म्हणायचे, "कशाला दमताय राव, तो परवाच हरला." असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा बाबा उठून घरात निघून गेले. तेव्हा चाचांनी निर्णय दिला की कागदावर आल्याशिवाय चर्चा नाही. तिघांचाही जन्म फायलींत गेलेला, त्यामुळे हे त्यांना लगेच पटलं.

याचा परिणाम असा व्हायचा की सामना गुरुवारी संपलेला असे, सगळी दिल्ली नाचून झालेली असे, आणि आमच्या हिरवळीवर रविवारी तो मंगळवारच्या खेळाअखेर थांबलेला असे. उरलेल्या गड्यांना किती धावा जमतील यावर बाबा आणि काका तासभर गंभीरपणे भांडत. एकदा शेजारच्या पंजाबी काकू जिंकल्याचे लाडू घेऊन आल्या. "भाईसाहब, मुँह मीठा कीजिए, जीत गए हम."

चाचांनी लाडू घेतला, नीट पाहिला आणि म्हणाले, "शुक्रिया बहनजी, पर हमारे यहाँ अभी दो दिन का खेल बाकी है." मग आमच्याकडे वळून त्यांनी मराठीत सांगितलं, की लाडू खायला हरकत नाही, निकाल राखून ठेवून खावा. तिघांनी तसा खाल्ला. काकू त्यानंतर आमच्याकडे जरा काळजीने बघायच्या.

काकांचं एक ठरलेलं असायचं. आपला संघ कुठेही हरला की ते पानिपतावर जायचे. दर जानेवारीत ते आम्हाला सगळ्यांना पानिपतजवळ काला अंबला, युद्धाच्या जागी, घेऊन जात आणि स्मारकापुढे डोळे पुसत. परतीच्या बसमध्ये मात्र त्यांचा सूर बदलायचा. "बायकापोरं, बाजारबुणगे, सगळं लटांबर बरोबर. दौऱ्यावर कुटुंबं नेऊ नयेत हे तेव्हाच कळायला पाहिजे होतं," असं ते म्हणायचे, आणि शेजारच्या सीटवर काकी डबा उघडत असायच्या.

मला हे सगळं अतिशय आवडायचं, आणि याचा अतिशय रागही यायचा. मी ट्रान्झिस्टरला कान लावून प्रत्येक सामना ऐकत होते. मला मतं होती, आणि त्या तिघांपेक्षा बरी होती असं आजही वाटतं. पण तोंड उघडलं की चाचा बोट वर करत. "वाचणाऱ्याने मत द्यायचं नसतं, बेटा." बाबा मान डोलावत. मला खुर्ची हवी होती. बाकी काही नको होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतरच्या रविवारी मी पेपर उघडला आणि खेळाचं पानच नव्हतं. शंकरपाळ्यांच्या डब्यात तळाला घालायला आईने ते घेतलं होतं. हे मला तिथल्या तिथे कळलं, कारण शंकरपाळ्यांची बशी समोर होती आणि एका शंकरपाळ्याला चिकटलेल्या चिटोऱ्यावर धावसंख्येचा तुकडा दिसत होता. खरं सांगितलं असतं तर सभा तिथेच बरखास्त. मी बाजारभावांचं पान तोंडासमोर धरलं आणि वाचायला लागले.

धावसंख्या मला रेडिओवरून पाठच होती. ती सांगून झाली, तरी तिघं माझ्या तोंडाकडे बघत होते. मग माझ्या तोंडून निघालं, "आमचे क्रीडा निरीक्षक लिहितात." आणि या निरीक्षकांनी लिहिलं की आपल्या सलामीच्या फलंदाजाचे पाय आता हलत नाहीत, निवड समितीने तरुणाला संधी द्यावी.

या सलामीवाल्यावर बाबांचा फार जीव होता. तो दिसायला देखणा नव्हता, फटकेबाज नव्हता. सकाळचे दोन तास उभं राहून नव्या चेंडूची धार घालवायची आणि मग शतक दुसऱ्या कुणीतरी काढायचं, हे त्याचं काम. बाबा त्यांच्या सेक्शनमध्ये अठरा वर्षं तेच करत होते. मसुदा यांचा, सही वरच्याची. हे मला आत्ता दिसतं. तेव्हा फक्त एवढंच दिसत होतं की तो माणूस आता लवकर बाद होतो आणि बाबा ते कबूल करत नाहीत.

बाबा ताडकन म्हणाले, "बिल्कुल चूक."

"चूक कशी? छापून आलंय," काका म्हणाले. "अच्छा लिहितो यार हा. हा गडी कधीतरी लाल मातीत उतरलेला दिसतोय."

मी लाल मातीत उतरले नव्हते, शाळेत शिवणाच्या तासाला उतरत होते. पण माझ्या मतावर तिघं मोठी माणसं दीड तास भांडली, आणि त्या दीड तासात मी इतकी खुश होते की शंकरपाळे घ्यायचेही विसरले.

पुढच्या रविवारी पान जागेवर होतं. मला थांबता आलं असतं. मी बातम्या वाचल्या आणि शेवटी निरीक्षकांना पुन्हा बोलवलं. एकदा वाचून झालेला अंक सभा पुन्हा उघडत नसे, आणि मी तो लगेच रद्दीत टाकत असे. त्याच्या पुढच्या रविवारीही. निरीक्षक कुस्तीवर बोलले, चाचांच्या टेनिसवर बोलले, पण फिरून फिरून सलामीवाल्यावरच यायचे. काका त्यांचे भक्त झाले. चाचा म्हणाले की भाषा जरा कच्ची आहे, पण नजर आहे. बाबा मात्र दर रविवारी थोडे थोडे गप्प होत गेले. छापून आलेल्याशी भांडायचं कसं हे त्यांना कळत नव्हतं.

चौथ्या आठवड्यात त्यांनी ठरवलं, संपादकांना पत्र लिहायचं. तीन दिवस ऑफिसातून आल्यावर ते मसुदा करत होते. "उपरोक्त निरीक्षकांनी सदर सामना प्रत्यक्ष पाहिला आहे काय, पाहिला असल्यास मैदानाच्या कोणत्या बाजूने," अशी सुरुवात होती. खाली सात मुद्दे. मसुदा चाचांच्या नजरेखालून गेला, काकांनी असहमतीची टीप जोडली, आणि मग बाबांनी तो माझ्यासमोर ठेवला. "तुझं अक्षर चांगलं आहे. स्वच्छ प्रत काढ, आणि शाळेत जाताना पेटीत टाक."

स्वतःविरुद्धचं पत्र मी सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं. पेटीत टाकलं नाही, भूगोलाच्या पुस्तकात ठेवलं. पहिले चार दिवस मला हसू यायचं. मग एका शनिवारी शाळेतून येताना पाहिलं, तर बाबा फाटकाशी उभे होते. पोस्टमनला त्यांनी विचारलं, "मुंबईहून काही?" पोस्टमनने नेहमीचा गठ्ठा दिला. बाबांनी तो उलटापालटा करून पाहिला, आत काही अडकलंय का बघितलं, आणि म्हणाले, "वेळ लागतो त्यांना. खूप पत्रं येत असतील." मला स्वतःची लाज वाटली. अशी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

त्यानंतरच्या मंगळवारी रात्रीच्या बातम्यांत पुढच्या सामन्याचा संघ जाहीर झाला. सलामीवाला त्यात नव्हता. आम्ही जेवत होतो. बाबांनी हात लांब करून रेडिओ बंद केला आणि आईकडे लोणचं मागितलं. ते अजून मराठीत आलेलं नव्हतं. बुध, गुरू, शुक्र, शनि, कुणीच काही बोललं नाही. काकासुद्धा फाटकाशी भेटले तेव्हा हवेबद्दल बोलले.

शनिवारच्या गठ्ठ्यात बुधवारचा अंक आला. बातमी चार ओळींची होती. रविवारी ती मला वाचावी लागणार होती. वाचली की काका मांडीवर थाप मारून म्हणणार, बघा, निरीक्षक महिनाभर सांगत होते. आणि बाबांना वाटणार, की आपलं पत्र वेळेवर पोचलं असतं तर. हे मला सहन होईना.

रविवारी मी पेपरऐवजी भूगोलाचं पुस्तक घेऊन गेले. पत्र काढून चाचांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "निरीक्षक कुणी नाहीत. मीच होते." मग शंकरपाळ्यांपासून सगळं सांगितलं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी रडले.

"म्हणजे लाल माती वगैरे," काका म्हणाले.

बाबांनी विचारलं, "मला चिडवायला रचलंस?"

"नाही बाबा. मला तसंच वाटत होतं."

ते "अच्छा" म्हणाले आणि हिरवळीकडे बघत बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

चाचांनी चष्मा पुसला. अध्यक्षांचा चष्मा पुसून होईपर्यंत कुणी बोलायचं नसे. मग ते म्हणाले, "लबाडी झाली आहे. वाचकाचं काम हिच्याकडून काढून घेण्यात येत आहे." त्या मोड्यावरूनही मला उठवलं होतं. "दुसरी गोष्ट. इतके रविवार या सभेने हिच्या मतावर चर्चा केलेली आहे. काकांनी तर पाठिंबा दिलेला आहे. चर्चा झालेल्या मताचा माणूस उभा ठेवता येत नाही. बसवा तिला."

"खुर्च्या तीनच आहेत," काका म्हणाले. "आणि वाचणार कोण?"

बाबा उठले. "मी वाचतो," ते म्हणाले. घरात जाऊन बुधवारचा अंक घेऊन आले आणि मोड्यावर बसले. मोडा बुटका होता, त्यांचे गुडघे छातीशी आले. त्यांची खुर्ची रिकामी राहिली. चाचांनी मला मान हलवून खूण केली. मी बसले. खुर्ची उन्हाने आणि बाबांमुळे गरम होती. इतके दिवस जी हवी होती तीच, पण मला नीट टेकून बसवेना.

बाबांनी घसा साफ केला आणि वाचलं. एखाद्या फायलीतली नोंद वाचावी तशा चार ओळी, आवाज न बदलता. सलामीच्या फलंदाजाला वगळण्यात आलं आहे. त्याच्या जागी एका तरुणाची निवड झाली आहे. मग त्यांनी पान खाली केलं आणि चाचांकडे पाहिलं.

"आता आलं," चाचा हळू आवाजात म्हणाले. "नवीन सदस्यांचं काही मत?"

तिघंही माझ्याकडे बघत होते. बोट वर करणारं कुणी नव्हतं.

"त्याला काढायला नको होतं," मी म्हटलं.

"अगं, महिनाभर तूच तर," काका म्हणाले.

"ते निरीक्षकांचं मत होतं. ते आता इथे नाहीत." आणि मी मुद्दा क्रमांक एकपासून सुरुवात केली. नवा चेंडू कोण खेळून काढतो, ते धावफलकात दिसत नाही. दुसऱ्याच्या शतकाआधीचे दोन तास कुणाचे असतात, ते विचारात घेतलं गेलेलं नाही. सातही मुद्दे मला पाठ होते, स्वच्छ प्रत मीच काढली होती. काका प्रत्येक मुद्द्याला आडवे आले आणि मी एकही सोडला नाही. अर्धा तास मी बोलत होते, आणि तिसऱ्या मुद्द्यापासून पुढे मला ते खरंच पटायला लागलं होतं.

बाबा मध्ये एकदाही बोलले नाहीत. वाचणाऱ्याने मत द्यायचं नसतं. त्यांनी फक्त पेपर पुन्हा तोंडासमोर धरला होता, आणि माझं बोलणं संपेपर्यंत त्यांनी पान उलटलं नाही.