आखूड नळी

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पानोपानी असतील, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. पाचवीसाठी ओतूरला जावं लागायचं, मुलींना कोणी पाठवत नव्हतं. हे कोणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागितल्याशिवाय सुरुवात करवेना. चार माणसांत मला बोलता येत नाही, घशाशी येतं आणि परत जातं. म्हणून लिहिते.

माझं माहेर ओतूरच्या पुढं, मढकडे जाणाऱ्या रस्त्याला. आमच्या घरात इंग्रजांच्या काळातलं एक रिव्हॉल्व्हर होतं. आजोबांकडे पाटीलकी होती तेव्हा परवान्यासकट आलेलं. गोळी करंगळीएवढी जाड आणि नळी चांगली वीतभर. गावातले लोक त्याला घोडा म्हणायचे. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, पलटणीत हवालदार होते आणि नव्या पोरांना नेम शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांना हे ऐकवायचं नाही. "घोडा म्हंजी मागून ठोका देतो तेवढा तुकडा. अख्ख्याला घोडा म्हणायला ती काय वरात हाय का?"

मी लहान असताना ते एकदा रजेवर आले होते. मी चुलीपुढं बसून जाळ फुंकत होते. आमच्याकडे दोन फुंकण्या होत्या, एक लांब आणि एक तुटून आखूड झालेली. आखूड फुंकणीने राख उडून माझ्याच तोंडावर आली. आबा हसले आणि शेजारी बसले. म्हणाले, "नळीचं बी असंच हाय. गोळीतली दारू काय एका दमात जळत न्हाई. नळी लांब असली तर ती आतल्या आत जळती आन् सगळा जोर गोळीच्या पाठीला लागतो. आखूड असली तर गोळी भाईर पडली तरी मागं दारू जळतीच. मग जाळ भाईर, आवाज भाईर, आन् गोळीला जोर कमी."

मी विचारलं, "जोर कमी, मंग हाताला धक्का बी कमी बसंल की."

 आबा आईला म्हणाले, "अगं, ही पोरगी इचार करती." मला त्या वयात एवढं मोठं कोणी काही म्हटलं नव्हतं. मग त्यांनी सांगितलं की जोर थोडा कमी होतो खरा, पण वजन त्याहून जास्त कमी होतं. लांब नळीचं वजन पुढं असतं, ते तोंड खाली धरून ठेवतं. वजन गेलं की तोंड आभाळाकडं उसळतं आणि सगळा मार मनगटावर येतो. शिवाय नेम धरायची टोकावरची माशी आणि मागची खाच जवळ आली, की हात जरासा हलला तरी पुढं गोळी कुठच्या कुठं जाते. "गोळी तीच असू दे," ते म्हणाले, "लांब नळीची ढकलती, आखूड नळीची लाथ मारती." स्वयंपाकाला उशीर होतोय म्हणून आई आम्हा दोघांवर ओरडली.

वर्षभर ते रिव्हॉल्व्हर लोखंडी पेटीत असायचं. खंडेनवमीला बाहेर यायचं. पाटावर कोयता, विळा, पेरणीच्या पाभरीचा फण आणि मधोमध ते. पूजा झाली की नदीकडच्या मळीत जाऊन मातीच्या उंच बांधावर एक बार काढायचा. घराला जावई असला तर तो मान जावयाचा. माझं लग्न नव्वद सालानंतर झालं. सासर आंबेगाव तालुक्यात, अवसरी खुर्दजवळ. मालक, म्हणजे माझे यजमान, पाण्याच्या मोटारी भरून द्यायचे. जळलेल्या मोटारीतली तार काढायची आणि नव्या तारेचे वेढे खाचांमध्ये बसवायचे. सगळं काम अंगठ्याच्या जोरावर. तार न दुखावता आत सरकवणारा त्यांच्यासारखा अंगठा मंचरपर्यंत नाही, असं शेतकरी म्हणायचे.

लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला मालकांच्या हातात ते रिव्हॉल्व्हर आलं तेव्हा त्यांनी आयुष्यात कधी बंदूक धरलेली नव्हती. आणि आमच्याकडे जावयाला शिकवायचं नसतं. शिकवलं की त्याला येत नाही असं चारचौघांत म्हटल्यासारखं होतं. आबांनी मग धाकट्या भावाला फैलावर घेतलं. "आरं गाढवा, मूठ घट्ट धरावी. अंगठा खाली ठिवावा, मागं घोडा असतो. हात लांब करावा, कवा शिकणार?" भावाच्या हातात काहीच नव्हतं. तो नुसता मान हलवत होता. मालकांनी शेजारी उभ्या उभ्या तसं तसं केलं आणि बार व्यवस्थित निघाला. लेकी बोले सुने लागे, तसं हे आमच्याकडचं लेका बोले जावया लागे. परत येताना मालक मला म्हणाले, "मी समजत व्हतो लई दणका बसंल. नुसतं ढकलतं की." पुढं दरवर्षी ते बार काढू लागले. हळूहळू एका हाताने, अंगठा वर ठेवून, ऐटीत. ते वजनदार रिव्हॉल्व्हर तेवढं सहन करायचं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आबा गेले. परवाना भावाच्या नावावर झाला. भाऊ मनाने वाईट नाही, हे मला इथं लिहून ठेवायचं आहे. तेव्हा उसात बिबटे वाढले होते. त्याला रात्री वीज आली की पाणी द्यायला एकट्याला जावं लागायचं. वीतभर नळी कमरेला लावली की मोटरसायकलवर मांडीत रुतायची. त्याने रीतसर कागद करून पुण्याच्या दुकानात ते देऊन टाकलं आणि त्याच गोळीचं, पण चार बोटं नळीचं घेतलं. मला म्हणाला, "अक्का, जनावराला मारायचंच न्हाई. नुसता बार काढला तरी पळतं. आन् ह्याचा आवाज त्याच्या दुप्पट हाय." आवाज दुप्पट का, ते मला माहीत होतं. आबांचं काहीतरी घरातून गेलं म्हणून मला वाईट वाटलं, पण त्याच्या रात्री मी काढत नव्हते.

त्या वर्षी खंडेनवमीला मी आरती ओवाळताना पाहिलं. पाटावर कोयत्याशेजारी ते ठेंगणं रिव्हॉल्व्हर ठेवलेलं. मालकांना कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी पाहिलं, "नवं का?" म्हणाले आणि उचललं. भाऊ म्हणाला, "नवं न्हाई दाजी, धाकटं हाय. गोळी तीच."

मळीत चुलते, शेजारचे, पोरंटोरं अशी गर्दी होती. बायका जरा मागं. मालकांनी नेहमीसारखा एक हात पुढं केला. अंगठा वर, घोड्याजवळ, सवयीने. आबा असते तर त्यांनी भावाला शिव्या घातल्या असत्या आणि मालकांना कळलं असतं. आबा नव्हते. भाऊ वयाने लहान, त्याने दाजींना सांगणं शोभलं नसतं. मी पदर धरून पुढं गेले. एवढ्या माणसांत मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. आबांच्या पद्धतीनेच, भावाकडं बघून.

"दोन्ही हातांनी धर रे. अंगठा खाली घे. नळी आखूड हाय, लाथ मारंल."

सगळे हसले. भाऊ म्हणाला, "अक्का, बार मी काढत न्हाई, दाजी काढत्यात." एक चुलते म्हणाले, "आज मुकी बोलली आन् ती बी चुकीच्या माणसाला!" आणखी हशा झाला. मालकही हसले. त्यांना वाटलं, मी घाबरून भलतंच बोलले. आबांच्या तोंडी जे चालायचं ते माझ्या तोंडी चाललं नाही. "पावणं, होऊ द्या," कोणीतरी ओरडलं.

दिवसाउजेडीसुद्धा जाळ दिसला. आवाजाने कानांत शिट्टी वाजली. रिव्हॉल्व्हरचं तोंड आभाळाकडं गेलं, मुठीतच फिरलं, आणि मागचा घोडा अंगठ्याच्या मुळाशी बसला. बांधाला गोळी लागलीच नाही, पलीकडं पाण्यात कुठंतरी उडाली. मालक मनगट धरून खाली बसले आणि हाताकडं बघत राहिले. अंगठा आपल्या जागेवर नव्हता.

घरी आणून पडवीत बसवलं. जीप येईपर्यंत मी हाताला ओलं फडकं गुंडाळत होते. आत वहिनी शेजारणीला सांगत होती, "ह्यांनी आणलं त्या दिशी एकदा बार काढला व्हता, तर ह्यांचंच मनगट सुजलं व्हतं. हळद लावून बांधली व्हती मी." भिंत कुडाची होती. मी मालकांकडं पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं.

भाऊ पाण्याचा तांब्या घेऊन आला. मालक म्हणाले, "तुला माहीत व्हतं."

भाऊ म्हणाला, "दाजी, तुमाला कसं सांगू? तुमी दरसाल काढताय."

एवढंच त्याचं उत्तर होतं आणि ते खरं होतं. आमच्याकडची कोणतीही माणसं तसंच वागली असती. पण ज्याचा अंगठा निकामी झाला त्याला हे पटत नाही. मालकांनी पाणी घेतलं नाही.

पुण्याला शस्त्रक्रिया झाली. खर्च चाळीस हजारांच्या घरात गेला. भावाने टोमॅटोच्या पैशातून तो आम्हाला न विचारता भरला. अंगठा राहिला, पण वाकत नव्हता. मालक घरी आल्यावर पहिलं हेच म्हणाले, "त्याचा एक रुपया आपल्याकडं ठेवायचा न्हाई."

दुकान बंद पडायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला समोर बसवून तार भरायला शिकवलं. ते सांगायचे, मी भरायचे. गिऱ्हाईक आलं की मी आतल्या खोलीत जायचे, मोटार माझ्या हातची आहे हे बरीच वर्षं कोणाला माहीत नव्हतं. त्यातून घर चालायचं आणि थोडं बाजूला पडायचं. ते मी दर भाऊबीजेला माहेरी घेऊन जायचे. एकटीच. मालक नारायणगावला गाडीत बसवून द्यायचे आणि तिथून माघारी फिरायचे. त्यांनी माझ्या माहेराचा उंबरा पुन्हा ओलांडला नाही.

भाऊ पाटावर बसायचा. मी ओवाळायचे. तो ताटात ओवाळणी टाकायचा, आणि मी त्याच ताटात त्याच्या पैशांचं पाकीट ठेवायचे. पहिल्या वर्षी तो रडला. दुसऱ्या वर्षी भांडला. "बहिणीकडून पैसं घेणारा भाऊ पाह्यलाय का कुठं?" मी म्हणाले, "घे. न्हाई घेतलंस तर दाजी माझं येणं बंद करतील." मग तो गप्प घ्यायला लागला. त्या निमित्ताने मी दोन दिवस राहायचे. आईच्या पायांना तेल लावायचे. भाऊ रात्री जवळ बसून उसाचं, पोरांच्या शाळेचं बोलायचा. त्या प्रसंगाचं बोलणं कधी काढायचा नाही. एकदाच म्हणाला की तो पुण्याच्या दुकानात जुनं रिव्हॉल्व्हर परत मिळतं का बघायला गेला होता, ते विकलं गेलं होतं. आखूड नळीचं त्याने निवडणुकीच्या वेळी नियमाप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा केलं होतं, ते आणायला गेलाच नाही. "आणून करू काय? दाजी येत न्हाईत."

हे मी मालकांना सांगून पाहिलं. ते जेवत होते, डाव्या हाताने. म्हणाले, "नळीचा राग न्हाई मला. माहीत असून तो हसत व्हता." मी म्हणाले, तुम्हीही हसत होता, सगळेच हसत होते. त्यांनी ताट सरकवलं. पुढं मी तो विषय काढला नाही.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी शेवटचं पाकीट जुळलं. मालक आनंदात होते. नव्या नोटा आणल्या होत्या. म्हणाले, "आता मोकळं झालो. आता तुला दिवाळीत तंगडतोड नको." ते माझ्या भल्याचंच बोलत होते. गाडीत मी पाकीट पदराखाली धरून बसले होते. ओतूर मागं पडलं तेव्हा मला वाटलं, गाडी बिघडावी.

मी ओवाळलं. भावाचे केस कानाजवळ पांढरे झाले होते. वहिनी दारात उभी होती. मी पाकीट ताटात ठेवलं आणि म्हणाले, "हे शेवटचं."

त्याने पाकीट उघडलं, आतली एक शंभराची नोट काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"अक्का, एवढं राहू दे. पुढच्या वर्साला आणून दे."

  आईशिवायच्या त्या घरात मला यायचं होतं, आणि नुसतं यायला मला कोणी अडवलंही नसतं. पण घरी गेल्यावर मालक पहिलं "सगळं फिटलं का?" हेच विचारणार ते मला ठाऊक होतं, आणि त्यांच्या न वाकणाऱ्या अंगठ्यासमोर खोटं बोलणं मला जमलं नसतं.

"न्हाई रे," मी म्हणाले, "त्यांनी सांगितलंय, एक रुपया ठेवायचा न्हाई."

नोट मी परत ताटात ठेवली. भावाने ती उचलून पाकिटात घातली. मोजलं नाही. पैसे पूर्ण फिटले.