टेकलेली कवडी

साल एकोणीसशे एकोणनव्वद, माझं वय अडुसष्ट. दिवाळी होऊन गेली होती, मंडईचे, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रांचे, दिवस सरत आले होते. लाखनीच्या माझ्या सायकल दुकानात मी ट्यूब पाण्यात धरून पंक्चर शोधत होतो. भंडाऱ्याच्या गाडीचा कंडक्टर रस्त्यावरूनच म्हणाला, "श्रावणभाऊ, आसगावचा देवाजी गेला." मी ट्यूब पाण्यातून काढली नाही. बुडबुडे येत होते, तेच बघत राहिलो… दहा दिवसांआधी हाच देवाजी माझ्या दुकानामागच्या शेडमध्ये खांबाला पाठ टेकून पोत्यावर दोन दिवस बसून गेला होता. जाताना "येतो" एवढंच म्हणाला. मी मान हलवली. पाच वर्षं आमचं बोलणं एवढ्यावरच आलं होतं, आणि ते माझ्यामुळे.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहिणं माझं काम नाही. पण देवाजीवर दुसरं कोणी लिहिणार नाही, आणि लिहिलं तर खरं लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो. ज्याला हसायचं त्यानं हसावं.

चौऱ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात नदीला पूर आला, पुलावरून पाणी गेलं आणि हायवेच्या गाड्या तीन दिवस लाखनीत उभ्या राहिल्या. आठ-दहा माणसं माझ्या शेडमध्ये येऊन बसली. घरात चौसरचा पट होता, सात कवड्या होत्या. दोन दिवस चौसर खेळून सगळे कंटाळले, भांडायलाही लागले. तेव्हा कोपऱ्यातला एक काळासावळा, हाडकुळा माणूस म्हणाला, "असं करू ना. हारजीत नको. आपून समजू का हे एक गाव आहे. जो तो आपला एक मानूस सांगल, आन हे दुकानवाले भाऊ त्या गावात काय होऊन राह्यलं ते सांगतील. आपला मानूस काय करते ते आपून सांगू, जमते का नाही ते कवडी सांगल." तो देवाजी. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, धानाची शेती करणारा. गाव चालवायला त्यानं मलाच का धरलं, हे मी त्याला कधी विचारलं नाही. मला ते आवडलं होतं.

शहापूरचा बकाराम होता, त्यानं लगेच सांगितलं, "मी पाटील." सगळे हसले, कारण त्याच्या पायात चप्पल नव्हती. देवाजीची पाळी आली. मी विचारलं, "तुझा मानूस कोन?" तो म्हणाला, "शालिक." "वय?" "एकोनीस." सोंगटी म्हणून त्यानं खिशातून शर्टाचं एक पांढरं बटण काढून पटावर ठेवलं.

पूर उतरला, पण खेळ सुटला नाही. पुढच्या सालापासून दर मंडईच्या दिवसांत दोन दिवस माणसं माझ्या शेडमध्ये येऊ लागली. आधी आठ, मग पंधरा, मग तीन पट मांडावे लागले. एक मी खेळवायचो, एक बकाराम, एक देवाजी. माझ्या पटाची पाळी आली की मात्र ते दोघं खेळायलाच बसायचे. देवाजी आसगावहून पवनी, पवनीहून भंडारा, भंडाऱ्याहून लाखनी अशा तीन गाड्या बदलून यायचा. सोबत वहिनीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, दिलेले लाखोरीच्या डाळीचे वडे. आमच्या पटावरचं गाव दर मंडईला एका वर्षानं पुढे जायचं. शालिकही एका वर्षानं मोठा व्हायचा.

खरी गोष्ट दुसऱ्याच वर्षी भंडाऱ्याच्या गाडीच्या कंडक्टरकडून कळली. शालिक हा देवाजीचा एकुलता मुलगा. पुराच्या आदल्या साली, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, बांधावर साप चावून गेला. एकोणीस वर्षांचा होता. ते कळल्यावर शेडमध्ये कोणी एक शब्द काढला नाही. बकारामसारखा तोंडाळ माणूस, तोही नाही. शालिकची पाळी आली की फक्त सगळे जरा सरकून बसायचे. पटावर शालिकनं नांगर धरला, धान पिकवलं. त्याच्या लग्नाला बकारामच्या पाटलानं बैलजोडी दिली. बकाराम म्हणाला, "खऱ्यात तं माह्याजवळ शेळीबी नाही, पन पोराच्या लग्नात कायले मागं राहू!" एके साली शालिकला मुलगी झाली, तेव्हा देवाजीनं सगळ्यांना गूळ वाटला. खरा गूळ.

आता नियम सांगतो. सातही कवड्या पालथ्या पडल्या की माणूस मेला. त्याची सोंगटी उठवायची, माझ्या डब्यात ठेवायची, पुन्हा पटावर आणायची नाही. ब्याऐंशी साली बकारामच्या सहा कवड्या पालथ्या पडल्या आणि सातवी पटाच्या घडीला टेकून एका कडेवर उभी राहिली. ना उताणी, ना पालथी. तो म्हणाला, पुन्हा टाकतो. मी म्हणालो, टाकलेली उचलायची नाही, टेकली ती पालथी. त्याचा पाटील मेला. वर्षभर तो मला यमाचा कारकून म्हणत होता. "माह्या पाटलाले मारलं बे तू, ना तेरवी घातली ना एक वडा दिला!" मी मागे हटलो नाही. नियम एकाला एक आणि दुसऱ्याला एक, असं मी कधी केलं नाही. दुकानातही नाही.

चौऱ्याऐंशी सालच्या मंडईत, एका दुपारी आमच्या पटावरच्या गावात तलावाची पाळ फुटली. मीच फोडली. खेळवणाऱ्याचं तेच काम. देवाजी म्हणाला, "शालिक जाते. पाळीच्या भगदाडात उतरते, पोती लावते." तो गडव्यातलं, म्हणजे तांब्यातलं, अर्धं पाणी प्याला, त्यानं गडवा पटाजवळ ठेवला आणि कवड्या टाकल्या. सहा पालथ्या. सातवी घरंगळत गेली आणि त्याच गडव्याला टेकून उभी राहिली.

बाहेर हायवेवर ट्रक जात होते, त्यानं जमीन हलत होती. मला वाटत होतं, हलून पडेल. पडली नाही. बकाराम हळूच म्हणाला, "श्रावणभाऊ, पुन्हा टाकू दे त्याले. माह्या वेळची गोष्ट सोड, मी काई म्हनत नाही." ज्याच्यावर तो नियम लागला होता, तोच सोडून द्या म्हणत होता. देवाजी माझ्याकडे बघत नव्हता, कवडीकडे बघत होता. मला त्या वेळी काय झालं होतं, ते मी आज पाच वर्षांनीही नीट सांगू शकत नाही… वीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मला वाटलं, आज वाकलो तर ही पुन्हा माझं ऐकणार नाहीत. मी म्हणालो, "टेकली ती पालथी." आणि बटण उचललं.

देवाजी भांडला नाही. म्हणाला, "बरोबर आहे तुह्यं." संध्याकाळच्या गाडीनं गेला.

मला वाटलं, आता येणार नाही. पुढच्या साली आला. वडे घेऊन आला, खांबाला टेकून बसला, खेळला नाही. मी म्हणालो, "देवाजी, दुसरा मानूस घे ना." तो म्हणाला, "दुसरा कोनता?" चूक झाली म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणालो नाही, कारण निकाल चूक नव्हता, आणि आजही मी तो चूक म्हणत नाही. पण त्यानंतरची प्रत्येक मंडई तो माणूस दोन दिवस खांबाजवळ बसून इतरांच्या माणसांची लग्नं, पिकं, भांडणं ऐकत राहिला. मला राग यायचा. वाटायचं, हा मला शिक्षा द्यायला येतो.

तेरवीला मी आसगावला गेलो. डब्यातलं बटण रुमालात बांधून खिशात ठेवलं होतं. नियम मोडून ते परत द्यायचं, एवढं ठरवून निघालो होतो. पंगती उठत होत्या. वहिनी मागच्या दारी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी समोर बसलो, तर त्याच म्हणाल्या, "श्रावणभाऊ, तुमचीच वाट पाहून राह्यली होती. यंदाचं सांगायचं राह्यलं ना."

"काय राह्यलं वहिनी?"

"शालिकचं. दर मंडईहून येत, उंबऱ्यावर बसत, पानी मागत. अर्धा गडवा पित, आन मंग सांगत शालिकचं काय झालं ते. मागं पाळ फुटली तं गाव वाचवलं म्हने त्यानं. मंग पोट्टा झाला. मागच्या साली सरपंच केलं लोकाईनं." त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "यंदा आले तं जीभच उचलत नव्हती. लकवा मारला म्हने डॉक्टर. आठ दिवस बोटानं कायतरी दाखवत होते, मले समजलं नाही. तुमी खेळवता ना? मंग तुमालेच ठाऊक. यंदा काय झालं त्याचं?"

माझा हात खिशात होता, बटणावर. पाच वर्षं तो खांबाजवळ काय करत बसला होता, ते मला तेव्हा समजलं. मला शिक्षा द्यायला येत नव्हता. लाखनीला जाऊन आल्याशिवाय घरी सांगता येत नव्हतं, म्हणून तीन गाड्या बदलून यायचा. इतरांचं ऐकायचा आणि त्यातून शालिकचं एक वर्ष जुळवून घेऊन जायचा. मी मारलेल्या पोराला तो त्या उंबऱ्यावर जगवत होता… आणि मी रागानं मान हलवत होतो.

"उद्या सांगतो वहिनी," मी म्हणालो. "आज लोक आहेत."

शेजारच्या घरी माझी झोपायची सोय केली होती. कवड्यांची थैली मी कुठेही जाताना जवळ ठेवतो, गेली पंधरा वर्षं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिथेच खुंटीला अडकवून ठेवली, रुमाल खिशात खोल दाबला आणि देवाजीच्या दारी गेलो. उंबऱ्यावर बसलो. वहिनींना पाणी मागितलं, अर्धा गडवा प्यालो, खाली ठेवला, आणि कवडी न टाकता म्हणालो, "यंदा शालिकचं धान चांगलं झालं, वहिनी."