कपाळावरचे पाच ठिपके

शहापूरच्या एका फोटो स्टुडिओत मी तीन वर्षं कॉम्प्युटरवर बसले. हात माझा सफाईचा, तोंड मात्र फटकळ. गिऱ्हाइकाने एकच गोष्ट दोनदा विचारली की डोक्यात तिडीक जायची.

काम सोपं होतं. माउसने चेहऱ्याभोवती रेघ ओढून तेवढाच भाग सिलेक्ट करायचा, मग जे काही कराल ते रेघेच्या आतच होतं. सावळी नवरी उजळायची, शालू मात्र होता तसा राहायचा. तीळ, देवीचे वण, तारुण्यपीटिका, एकेक सिलेक्ट करून शेजारच्या त्वचेने बुजवायचं. कुणी सांगो न सांगो, मी करायचेच. लोक खूश व्हायचे. स्वतःचं थोबाड बरं दिसलेलं कुणाला नको असतं?

एका सकाळी शेणव्याच्या पलीकडच्या पाड्यावरून एक म्हातारा आला. बायको वारली होती. बाराव्याला ठेवायला फोटो हवा होता. उभ्या जन्मात तिचा एकच फोटो निघालेला, मुरबाडला भाचीच्या लग्नात, मांडवाखाली, ह्याच्याच मोबाइलवर.

"तोंडावर सावली पडलीय. जरा उजेडात आन, बाय."

"कळतं मला. बाहेर बसा, डोक्यावर उभे राहू नका."

मोबाइलमधलं कार्ड काढून मी कॉम्प्युटरला लावलं. आधी कॉपी करा, मग हात लावा, हे मालक रोज बजावायचा. मी कंटाळा केला. चेहरा सिलेक्ट केला, सावली उडवली, मागच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या कापल्या. कपाळावर पाच हिरवट ठिपके होते. गोंदण. मला कळलं नाही असं नाही. आमच्या गावात निम्म्या म्हाताऱ्यांच्या कपाळावर ते होतं आणि मला ते मळकट, गावंढळ वाटायचं. एकेका ठिपक्याभोवती रेघ मारली आणि बुजवून टाकला. कपाळ राखेने घासलेल्या ताटासारखं लख्ख झालं. त्याच फोटोवर सेव्ह दाबलं आणि कार्ड परत मोबाइलमध्ये घातलं.

दुसऱ्या दिवशी फ्रेम त्याच्या हातात दिली. त्याने बराच वेळ पाहिलं. सदऱ्याच्या बाहीने काच पुसली, पुन्हा पुसली.

"बाय, कपालावरचं कुठं गेलं?"

मी त्याचा मोबाइल घेऊन उघडला. तिथेही कपाळ साफ. जुना फोटो आता कुठेच उरला नव्हता. मालक दोन हातांच्या अंतरावर बसून पासपोर्ट फोटो कापत होता. त्याला कळलं असतं तर त्याच दिवशी घरी बसले असते.

"तुमच्याच मोबाइलमध्ये नाही, बघा," मी स्क्रीन त्याच्या नाकासमोर धरली. "जे असतं तेच आम्ही छापतो."

तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने मुकाट्याने फोटो पाहिला आणि विश्वास ठेवला. यंत्र आणि शिकलेली पोरगी, दोघं एकच सांगत होती ना.

"म्हंजे लग्नातच उडालं होतं," तो हळू म्हणाला. "जायच्या आदीच. आन् मला दिसलं नाय."

आज लिहिताना लाज वाटते, तेव्हा फक्त भीती वाटत होती.

"अंगावरचं चांदीचं आमी काढून घेतलं. ते काय, काढूनच घेत्यात. गोंदन तेवढं संगं जातं, बाय. तेच नाय, तर तिला तिथं वलखनार कोन?"

तो मला खरोखर विचारत होता. मी शिकलेली, मला ठाऊक असेल म्हणून. 'ते मी पुसलं, बाबा, तिचं तिच्याजवळच आहे,' एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. मालकाने कात्री थांबवून वर पाहिलं.

"बाबा, जरा बाजूला व्हा," मी म्हटलं. "मागे गिऱ्हाईक खोळंबलंय."