तीनदा विचारायचं ठरलं होतं

पाच आठवडे झाले. मंगळवारी सकाळी कामावर जायला मी कोट चढवत होते, तेवढ्यात जवळच्या पिनर गावाहून, सुलभाच्या शेजारणीचा फोन आला. स्वयंपाकघरातला दिवा रात्रभर जळताना दिसला म्हणून तिनं खिडकीतून डोकावलं, तर सुलभा जमिनीवर... अ‍ॅम्ब्युलन्सवाले मागच्या दाराची काच फोडून आत गेले. मी विचारलं, "हॉस्पिटलला नेलं ना?" काय पण प्रश्न! नेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आमची ओळख इथं विलायतेतल्या कामावरची. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये, ती खालच्या मजल्यावर कॉम्प्युटर विभागात. एका जागी बसणं तिला माहीतच नव्हतं. भात शिजेपर्यंत तीनदा झाकण उघडायची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लॅबमध्ये स्क्रीन आले आणि नवंच दुखणं सुरू झालं. एखाद्या स्क्रीनची वायर निसटली तरी खालच्या मोठ्या मशीनला वाटायचं, बाई अजून बसल्यात. मग त्या स्क्रीनवर उघडा राहिलेला रिपोर्ट दुसऱ्या कुणाला उघडायचाच नाही आणि वॉर्डमधले डॉक्टर माझ्यावर खेकसायचे. मशीन अधूनमधून पलीकडच्याला 'आहेस ना?' असं विचारू शकतं, त्याला कीप-अलाइव्ह म्हणतात, हे सुलभानं मला सँडविच खाता खाता शिकवलं. मूळ सेटिंगमध्ये ते दोन तास वाट बघून मग विचारायचं. "दोन तास! तोवर पेशंट घरी जाईल नाहीतर वर जाईल," म्हणत तिनं ते पाच मिनिटांवर आणलं. पण बाईंची घाई अशी, की एकदा विचारून उत्तर आलं नाही की खटकन कनेक्शन तोडायचं, हेही ठरवून टाकलं. मी मायक्रोस्कोपमध्ये डोकं घालून बसले की मशीनला मी गप्प वाटायचे. त्यात दुपारी नेटवर्क तुंबलं की उत्तर पोचायचं नाही. अर्धा भरलेला रिपोर्ट एका दुपारी चारदा गेला. तणतणत खाली गेले.

"अगं, जरा गप्प बसलं म्हणून माणूस मेलं असं होत नाही! तीनदा तरी विचार."

"मला नाही बाई असं टांगून राहवत," ती पुटपुटली. पण तीनदा केलं, एकेका मिनिटाच्या अंतरानं, आणि मग लॅब सुरळीत चालली.

तिचे यजमान गेले, मूलबाळ नाही, म्हणून तेच आम्ही घरी लावून घेतलं. रोज संध्याकाळी आठला मी दोन रिंग देऊन फोन ठेवायचा, तिनं दोन रिंग परत द्यायच्या. उचलायचं नाही. उत्तर नाही आलं तर एका मिनिटानं पुन्हा, मग पुन्हा. तिसऱ्यांदाही नाही, तर निघायचं. हे सगळं तिनं पिवळ्या कागदावर लिहून माझ्या फोनशेजारी चिकटवलं आणि वर तिच्या घराची किल्ली करून आणून दिली. "नीला, आळस करू नकोस हं. तू फार लवकर स्वतःची समजूत घालतेस." मी हसले होते.

त्या सोमवारी दोन रिंग दिल्या. परत काही आलं नाही. हे म्हणाले, "बघ की पुन्हा." मी म्हटलं, "अहो, असेल बाथरूममध्ये. जरा गप्प बसलं म्हणून माणूस मेलं असं होत नाही." हेच शब्द... आणि इस्त्री करायला घेतली. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर बरेच तास ती जिवंत असावी. पुढचं ते बोलले नाहीत. मीही हॉस्पिटलात आयुष्य काढलंय, विचारलं नाही. आमच्या हॅरोहून तिचं पिनर, गाडीनं दहा मिनिटं. सगळे सांगतात, मनाला लावून घेऊ नकोस. मग कशाला लावून घेऊ? आठ वाजले की घरभर येरझारा घालते, टीव्ही लावते, बंद करते. आता माझ्याच्यानं एका जागी बसवत नाही.

परवा तिच्या भाच्याचा फोन आला. इकडेच जन्मलेला, गुणी मुलगा. "मावशी, तुमच्याकडे आंटीचा किल्ली आहे ना? एस्टेट एजंटला द्यायचा आहे." आणून देते म्हटलं. पिवळ्या कागदाच्या वरच्या हुकावरून ती काढली. केली त्या दिवशी चकचकत होती तशीच चकचकतेय. तिच्या कुलपाला लागते की नाही, तेसुद्धा मला माहीत नाही.