दोन बोटं डावीकडं

"आधी तिचा सोभाव पाय." पोरीच्या हाती रायफल देताना हवालदार काका एवढंच म्हणायचे आणि दस्त्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर बोट ठेवायचे.

असा निवृत्त हवालदार तुम्हीही कुठंतरी पाहिला असेल. कडक इस्त्रीची खाकी पँट, पायात मात्र रबरी चप्पल. आमचे काका वाशीमबाहेरच्या एका कॉलेजात कॅडेट पोरींना नेमबाजी शिकवायचे. बहुतेक पोरी मजुरांच्या. माझी बहीण प्रणाली त्यांतलीच.

रायफली पाच. स्वस्तातल्या, दर गोळीला हातानं बोल्ट ओढावा लागायचा. नेम जुळवायचे स्क्रू गंजून बसलेले. तरीही प्रणालीच्या पाच गोळ्यांची भोकं बाटलीच्या एका झाकणाखाली मावायची. कारण काका दस्त्याचे पेच रोज तपासायचे, एकाच पेटीतली काडतुसं वापरायचे, आणि पहिली गोळी चुकली म्हणून कुणाला नेम बदलू द्यायचे नाहीत.

"एका गोईवर कायले भरोसा ठेवतं व? पाच मार. मंग थे काय म्हनते, पाय."

पाच गोळ्या कुठं पडतात ते पाहून त्यांनी प्रत्येक रायफलीची चिठ्ठी लिहिली होती. प्रणालीच्या रायफलीवर होतं: 'दोन बोटं डावीकडं जाते.' म्हणजे तिनं नेम दोन बोटं उजवीकडं धरायचा.

मी तेव्हाही पत्रकं लिहायचो. एकदा बहिणीला आणायला गेलो, ती चिठ्ठी दिसली, आणि माझं डोकं फिरलं. बड्यांच्या पोरांना परदेशी रायफली आणि आमच्या पोरींना वाकडी मारणारं भंगार? मी फोटो काढला. काका समोरच पेच आवळत बसले होते. त्यांना एक शब्द विचारला नाही. 'प्रशिक्षकानेच दिली दोषाची लेखी कबुली' असा मथळा ठोकला आणि पत्रक जिल्हाभर वाटलं.

भंगार हे खरंच होतं. पण कबुली? ती त्यांची विद्या होती.

आठ दिवसांत रायफली तपासणीला गेल्या. काकांना घरी बसवलं. नेमबाजी संघाची निवड चाचणी आमच्या पोरींविनाच झाली. प्रणाली माझ्याशी बोलेनाशी झाली.

मी मानोऱ्याकडं त्यांच्या गावी गेलो. ते ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते.

"ये बापू. फोटो झकास काढला तुनं. अक्षर साफ आलं माह्यं."

"काका, मले वाटलं..."

"इचारलं असतं त सांगतलं असतं ना बे." मग शेंगांचं टोपलं माझ्याकडं सरकवलं. "सोल. चहा ठिवाले सांगतो."

माफी मागायची म्हणून गेलो होतो. शेंगा सोलून परत आलो.

पावसाळ्यानंतर रायफली परत आल्या. नव्या नाहीत, त्याच. सोबत 'सुस्थितीत' असा कागद, आणि दस्ते घासूनपुसून चकचकीत. एकही चिठ्ठी उरली नव्हती. काका त्याआधीच, पोळ्याच्या आठवड्यात गेले होते.

प्रणालीनं घरातलं माझं पत्रक शोधून काढलं. कात्री घेतली, मथळा कापून टाकला आणि फोटोतली ती चिठ्ठी तेवढी आपल्या रायफलीच्या दस्त्यावर डिंकानं चिकटवली.

बाकीच्या चार रायफलींच्या चिठ्ठ्यांचे फोटो मी काढले नव्हते.