सोनाजीला न सांगितलेली ओळ

सोनाजी मिस्त्री पहिल्यांदा आमच्या गॅरेजात आला, तेव्हा त्यानं वहाणा दाराबाहेर काढून ठेवल्या. जमीन काळ्या तेलानं माखलेली, जागोजागी लोखंडाचा कीस. आम्ही कामगार मोठ्यानं हसलो. गॅरेजचे मालक वली उस्ताद तेवढे हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "क्या रे, मस्जिद में आया क्या?"

"न्हाय उस्ताद," तो म्हणाला. "चालू इंजिनाजवळ अनवानी उभं राह्यलं की पायाला समजतं. वहान मधी आली की न्हाय समजत."

दारात एक लॉरी धडधडत उभी होती. दोन दिवस मी तिच्या मागे लागलो होतो आणि धूर का येतो ते मला कळत नव्हतं. सोनाजी तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. एक लांब पेचकस त्यानं इंजिनावर टेकवला, त्याची मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. "तिसरं नोझल गळतंय," तो म्हणाला. आम्ही तिसरं नोझल, इंजिनात तेल फवारणारी ती तोटी, काढलं. टोकाशी तेलाचा थेंब लोंबत होता.

त्या थेंबापासून मी त्याच्यावर जळू लागलो.

औरंगाबादेत पैठण दरवाज्याजवळ उस्तादांचं गॅरेज होतं. मी तिथं अकरा वर्षं काढली होती. उस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि त्यांना मूलबाळ नव्हतं. गॅरेजच्या किल्ल्या पुढेमागे माझ्याच हातात येणार, असं मी धरून चाललो होतो. शिवाय शाळेत चार इयत्ता इंग्रजी शिकल्यामुळे कारखानदारांची माहितीपुस्तकं वाचणारा गॅरेजात मी एकटाच होतो. सोनाजी देवगाव रंगारीचा, कापसाच्या जिनिंगमधल्या तेलइंजिनावर वाढलेला. त्याला कुठलंच अक्षर येत नव्हतं. मला तो 'मास्तर' म्हणायचा, अगदी मनापासून. त्याचाही मला राग यायचा.

उस्ताद दिवसातून किती वेळा 'सोनाजी' म्हणतात, ते मी मोजायचो. दुपारी ते त्याच्या फडक्यातली भाकरी मोडून घ्यायचे. अकरा वर्षांत माझ्या डब्याला त्यांनी हात लावला नव्हता. घरी बायको म्हणायची, "तुम्ही जेवताना पण त्याच्याबद्दलच बोलता." मी विषय बदलायचो आणि घासाभरात पुन्हा त्याच्याबद्दलच बोलायचो.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल कुपनावर मिळायचं, तेही थोडं. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरसाहेबांना दौलताबादचा घाट चढून खुलताबादेकडच्या खेड्यांत जावं लागायचं. म्हणून उस्तादांनी डॉक्टरांच्या मोठ्या जुन्या मोटारीत एका मोडक्या लॉरीचं डिझेल इंजिन बसवून दिलं. गाडी सपाटीला चालायची. घाटात मात्र तिचा जीव जायचा. एकदा बाळंतीण अडल्याचा निरोप आला असताना डॉक्टर निम्मा घाट पायी चढून गेले. दुसऱ्या दिवशी ते येऊन म्हणाले, "उस्ताद, हिला चढायला शिकवा."

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "सोनाजी, ये तेरा काम," ते म्हणाले.

सोनाजीनं महिनाभर त्या गाडीचा ध्यास घेतला. मुंबईहून मोठ्या भोकांची नवी नोझलं मागवली. तांबटाकडून रुंद धुराडं करून घेतलं. हवा आत घेणारी बुजलेली जाळी काढून मोठी बसवली. मला म्हणायचा, "मास्तर, नुसतं खायला घालून भागत न्हाय. इंजिनाला श्वास बी घेऊ द्यावा लागतो." नाहीतर म्हणायचा, "लई द्याचं न्हाय, बराबर द्याचं." मी मान हलवायचो. त्याचं प्रत्येक वाक्य बरोबर असायचं, आणि ते मला सुचलेलं नसायचं.

नोझलांसोबत एक छोटं इंग्रजी पुस्तक आलं होतं. रोज संध्याकाळी तो माझ्यासमोर बसायचा आणि मी त्याला वाचून मराठीत सांगायचो. तो एकदा ऐकायचा आणि विसरायचा नाही. शेवटची दोन-चार पानं तेवढी वाचायची राहिली होती.

घाटात चाचणी घ्यायच्या दिवशी सकाळी त्यानं इंजिन सुरू केलं, पेचकस कानाला लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मास्तर, ठोका जड पडतोय. पुस्तकात बघा बरं काई लिव्हलंय का."

मी पुस्तक उघडलं. शेवटून दुसऱ्या पानावर ठळक अक्षरांत एक ओळ होती. मोठं नोझल बसवल्यावर पंपाची तेल सोडायची वेळ थोडी मागे घ्यावी. तसं न केल्यास चढावर भार पडताच पिस्टन जळतील. मी ती ओळ दोनदा वाचली. दारात उस्ताद उभे होते. त्यांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता आणि चेहऱ्यावर असं कौतुक होतं, जे माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

"काळजीचं काही नाही लिहिलेलं," मी म्हणालो. "जड ठोका पडला तरी ठीक आहे म्हणतात."

"असं व्हय?" तो क्षणभर घुटमळला. मग पेचकस खाली ठेवला. "मग माझाच कान चुकत आसंल. छापलेलं खोटं नसतं."

मला वाटलं होतं, गाडी घाटात रडेल, धूर ओकेल, सोनाजीची फजिती होईल. त्यापुढचा विचार मी केला नाही. खरं सांगायचं तर करायचा नव्हता.

सोनाजी गाडी चालवत होता, शेजारी डॉक्टर, मागे मी. अर्धा घाट ती अशी चढली की डॉक्टर लहान मुलासारखे हसू लागले. शेवटच्या वळणावर इंजिनातून हातोडा हाणल्यासारखा आवाज आला आणि ते बंद पडलं. गाडी थांबली आणि मागे सरकू लागली. एका बाजूला दरी होती. ब्रेक धरेना. "डाक्टर, बिरेकवर पाय दाबून धरा!" ओरडत सोनाजीनं उडी मारली, कठड्याचा एक धोंडा उचलला आणि मागच्या चाकाखाली घातला. गाडी थांबली. त्याचा डावा हात धोंड्याखाली अडकला होता.

मी मागच्या बाकावर बसून होतो. मला उठताच आलं नाही.

डॉक्टरांनी त्याची दोन बोटं काढली. इंजिन उघडलं तेव्हा दोन पिस्टन वितळलेले निघाले. उस्ताद त्याला एका शब्दानं बोलले नाहीत, पण तो स्वतःच थांबला नाही. "माझ्या कानानं तिघं मेले असते," एवढंच म्हणून गावी निघून गेला. ते पुस्तक मी फाडून भट्टीत टाकलं. पुढच्या महिन्यात उस्तादांनी किल्ल्या माझ्यासमोर ठेवल्या. म्हणाले, "ले. अब तूच है." त्या 'तूच'मध्ये 'दुसरा कुणी उरला नाही' असं जे होतं, ते मी पुढे रोज ऐकत राहिलो.

लढाई संपली. वर्ष-दीड वर्षानं एका बंद पडलेल्या लॉरीसाठी मला देवगाव रंगारीला जावं लागलं. सोनाजी एका पिठाच्या गिरणीत दळण घालत होता. मला पाहून त्यानं चहा मागवला, उस्तादांचे डोळे कसे आहेत विचारलं. लॉरी त्याच्या दारापासून हाकेच्या अंतरावर उभी होती. मी विचारलं, "तू का नाही पाहिलीस?"

"नगं मास्तर. आता इंजिनाला हात लावत न्हाय. रातंदिस वाटतं, ह्यो कान खोटं बोलतो. एखादं मानूस मरायचं."

मी कप खाली ठेवला. एकही शब्द न गाळता त्याला ती ओळ सांगितली. कुठल्या पानावर होती ते, आणि मी का वाचली नाही तेही.

मी शिव्यांची वाट पाहत होतो, मारलं असतं तर बरं वाटलं असतं. मग त्यानं विचारलं, "म्हंजी ठोका जडच व्हता? मला बराबर ऐकू आलतं?"

"व्हय सोनाजी. बरोबर होतं."

त्याचा चेहरा असा उजळला, जसा मी त्या घाटातही पाहिला नव्हता. पीठ लागलेल्या हातांनी त्यानं तोंड झाकलं आणि हसता हसता रडू लागला. ज्यानं त्याची बोटं घेतली तो समोर बसला होता, आणि त्याला आनंद झाला होता. एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. त्या क्षणीसुद्धा, देवाशप्पथ, मला त्याचा हेवा वाटला.

मग त्यानं डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं.

"पन तू लई वाईट केलंस, पुंडलिका," तो म्हणाला.

मला तो मास्तर म्हणाला नाही. उठला, पायऱ्या उतरला आणि रस्त्यावरच्या त्या लॉरीकडे चालू लागला. मला त्यानं बोलावलं नाही, आणि मीही त्याच्या मागे गेलो नाही.