अर्धा हिरवा पाळणा

नोकरीतल्या कित्येक गुन्ह्यांचे तपशील आता एकमेकांत मिसळून गेलेत. ही एक घटना मात्र जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की आधी नाकात वास येतो तो जुना ऑइलपेंट उतरवायच्या औषधाचा. खुनाच्या आणि दरोड्याच्या हकिगती सांगणारे अधिकारी पुष्कळ आहेत. मी सांगतोय ती पाळण्याच्या चोरीची. हसू येत असेल तर हसून घ्या. माझे ठाणे अंमलदारही फिर्याद लिहून घेताना मिशीतल्या मिशीत हसत होते.

निवृत्तीच्या थोडं आधी मी डहाणू-तलासरी पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी हजेरी संपते न संपते तोच पूर्वेकडच्या डोंगराळ गावातला एक शेतकरी दारात उभा राहिला. साठी उलटलेली, भात-नाचणीची शेती, गावात शब्दाला मान. बरोबर धाकटा मुलगा आणि मागे डोक्यावरचा पदर सावरत उभी असलेली बायको. घरच्या माळ्यावरचा वडिलोपार्जित पाळणा चोरीला गेला होता. धाकट्या सुनेचे दिवस भरत आले होते म्हणून पाळणा खाली काढायला माळ्यावर चढले, तर जागा रिकामी.

पंचनाम्यासाठी किंमत लिहावी लागते, म्हणून मी ती विचारली. म्हातारा मान ताठ करून म्हणाला, "त्याची किंमत होत नाय, साहेब. त्या पाळण्यात निजलेलं एक पोर आजवर दगावलं नाय. भावकीतले लोक आमच्याकडून मागून नेतात." त्याची बायको तेव्हा भिंतीकडे बघत होती. बायका ठाण्यात आल्या की भिंतीकडेच बघतात, म्हणून मी त्याची काही नोंद घेतली नाही.

जागेवर जाऊन पाहिलं. कडीकुलूप शाबूत. माळ्यावर बियाणाच्या कणग्या होत्या, तांब्याचा हंडा होता, जुना सागवानी पेटारा होता. हलवलेलं काही दिसलं नाही. आता चोर कितीही अडाणी असला तरी तांब्याचा हंडा सोडून पाळणा नेत नाही. हे काम घरातल्या माणसाच्या मदतीशिवाय झालेलं नाही, एवढं मला तिथेच कळलं. पण घरातल्या माणसावर संशय आहे हे घरातल्या माणसांपुढे बोलायचं नसतं. मी चहा घेतला आणि परतलो.

पूर्वी खबर मिळवायला चहाच्या टपऱ्या झिजवाव्या लागायच्या. आता मोबाइल आहे. दोन-तीन दिवसांत धाकटा मुलगाच धावत आला. डहाणूला कामाला असलेल्या त्याच्या मित्राने एक फोटो पाठवला होता. फोटो होता एका जुन्या वेताच्या खुर्चीचा, विकायला काढलेल्या. पण खुर्चीच्या मागे, अर्धवट अंधारात, एक हिरवा पाळणा दिसत होता.

फोटो टाकणारा होता आशागडच्या बाजूला पत्र्याची शेड टाकून बसलेला एक माणूस. नावं सांगायची नाहीत असं ठरवलंय, तेव्हा त्याला मिस्त्रीच म्हणतो. चिकूच्या वाड्यांमधले जुने बंगले, गावातली मोडकळीला आलेली घरं, कुठूनही तो टाकाऊ सामान गोळा करायचा. पाय मोडलेली टेबलं, आरसा उडालेली कपाटं, पितळी दिवे. ते घासूनपुसून, पॉलिश करून मुंबईत जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनात मांडायचा. तुमच्या-आमच्या आजीने अडगळीत टाकलेला पाट तिथे लोक हौसेने नेऊन भिंतीला टांगतात. आमच्या झडतीच्या वेळी पुढच्याच आठवड्यात त्याचं प्रदर्शन होतं आणि शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती.

पाळणा मागच्या कोपऱ्यात मिळाला. त्याने लपवला नव्हता, नाकारलाही नाही. कोणाकडून घेतला, एवढंच सांगेना. ठाण्यात आणून बसवला, तरी तेच.

"साहेब, चोरीचा नाय हाय. पण कोणी दिला ते नाय सांगनार. जबान दिली हाय."

चोरीचा माल घेणाऱ्यांची उत्तरं मला पाठ आहेत. अनोळखी माणूस आला होता, भंगारवाल्याने दिला, मी गावाला गेलो होतो. खोटं बोलणारा माणूस कधी रिकाम्या हाताने बोलत नाही, त्याच्याकडे द्यायला काहीतरी असतं. हा काहीच देत नव्हता. मी जरा आवाज चढवला. त्याला स्पष्ट सांगितलं की, असाच बसलास तर अटक होईल, प्रदर्शन राहू दे बाजूला, या पट्ट्यात तुझ्यासाठी कोणी दार उघडणार नाही. त्याचं तोंड उतरलं. त्याचा सगळा धंदाच लोकांच्या दारावर चालायचा. बाईमाणसं घरात एकटी असताना त्याला माळ्यावर चढू देत, ते विश्वासावर. बाजारात कुजबूज सुरू झालीच होती की मिस्त्रीला पोलिसांनी नेलं. त्याने खाली मान घातली आणि पुन्हा दिलेल्या शब्दाचंच सांगितलं. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडं कौतुकही वाटलं.

त्या दिवशी दुपारी मी मुद्देमालाच्या खोलीत जाऊन पाळण्याकडे पुन्हा बघत उभा राहिलो. एक बाजू रंग उतरवून लाकडापर्यंत आणलेली, दुसरी बाजू तशीच हिरवी. तेव्हा डोक्यात आलं. चोरीचा माल घेणारा पहिलं काम कोणतं करतो, तर वस्तू ओळखू येणार नाही अशी करतो. या माणसाच्या शेडमध्ये एका मोडक्या पाळण्याचं झाडांच्या कुंड्या ठेवायचं स्टँड झालेलं मी स्वतः पाहिलं होतं. बाकी सगळं सामान प्रदर्शनासाठी चकाचक तयार. मग हेच एक काम त्याने अर्ध्यावर का टाकलं?

मी त्याला तिथेच बोलावलं आणि बाकी काही न विचारता तेवढंच विचारलं.

त्याने उघड्या लाकडावरून हात फिरवला. मग म्हणाला की, शेडमधल्या हत्याराच्या पेटीत एक पुडी आहे, ती मागवा. हवालदार घेऊन आला. आत कुजलेल्या चिंधीचा तुकडा आणि त्यात तान्ह्या बाळाच्या पायातला चांदीचा वाळा होता, काळा पडलेला. पाळण्याच्या खालच्या दोन फळ्यांच्या फटीत तो खोचलेला होता आणि वरून रंगाचे थर चढले होते. रंग खरवडताना मिस्त्रीच्या पटाशीला लागला.

"हे सापडलं आनि हात चालेना, साहेब. जिने दिला तिला परत द्यायचा होता. ती एकटी भेटेल तेव्हा."

'जिने' म्हटलं आणि तो स्वतःच दचकला. मी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. पण आता दिशा कळली होती. महिला हवालदारांना साध्या वेशात गावात पाठवलं. त्या पाणवठ्यावर बसून तासाभरात जे घेऊन आल्या ते मला चार पंचांसमोर मिळालं नसतं. त्या घरातल्या थोरल्या सुनेचं मूल आदल्या वर्षी, महिन्याच्या आतच, त्या पाळण्यात गेलं होतं. घरात त्याविषयी कोणी बोलत नव्हतं. आणि म्हातारा मात्र अजून जगाला सांगत होता की, या पाळण्यात पोर दगावत नाही.

पाळण्याची ओळख पटवायची आहे असं सांगून मी घरच्यांना बोलावून घेतलं. म्हातारा, म्हातारी, थोरली सून. मुद्दाम मिस्त्रीलाही एका बाजूला उभा केला. पाळणा मध्ये आणि टेबलावर वाळा. सुनेने आधी मिस्त्रीकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. हा माणूस आपल्यापायी अडकलाय आणि तरी बोललेला नाही, हे तिला कळायला वेळ लागला नाही.

"यांना सोडा," ती म्हणाली. "मी दिला पाळणा. सगळे कापणीला गेले होते, तेव्हा हे जुनं सामान विचारत आले. मीच बोलले, मोडा, जाळा, काय पण करा, मला पैसे नको, कोणाला सांगू नका."

म्हाताऱ्याला पहिल्यांदा ऐकू आलं नसावं. मग तो संतापाने उठला. घराण्याचा पाळणा, सगळ्या भावकीची पोरं ज्यात वाढली तो, असं सुरू झालं. मी त्याला बसवणार होतो, तेवढ्यात सूनच बोलली. आवाज चढवला नाही तिने.

"सगळ्यांची जगली आणि माझंच गेलं. मग खोट माझ्यातच ना, मामा? आता जावेचं पोर जगलं तरी बोल मला, नाय जगलं तरी बोल मलाच."

  मी वाळा सुनेपुढे सरकवला आणि म्हणालो की, निदान हा तुझ्या बाळाचा वाळा तुझ्याकडे ठेव. तिने तो पाहिला आणि मान हलवली.

"हा माझा नाय. माझ्या पोराला वाळे घालेपर्यंत ते राह्यलं कुठे?"

माझा तपास तिथे थांबला. मी मिस्त्रीकडे पाहिलं, मिस्त्री माझ्याकडे. आणि इतका वेळ भिंतीकडे बघत बसलेली म्हातारी उठली, टेबलाशी आली आणि वाळ्यावर हात ठेवला.

"माझा आहे. थोरल्याच्या आधीचं पोर. मुलगी होती." मग सुनेकडे वळून म्हणाली, "याच पाळण्यात गेली. मला बोलू दिलं नाय कोणी. मी हा फटीत लपवला, म्हटलं तेवढा तरी पाळण्यात राहू दे."

म्हातारा उभ्याचा खाली बसला. त्याला मुलगी माहीत होती, वाळा माहीत नव्हता. मग त्याने पाळण्याच्या हिरव्या बाजूवर बोट ठेवलं आणि एवढंच म्हणाला, "हा रंग मीच मारला. फट दिसत होती म्हणून." सासू सुनेजवळ बाकावर जाऊन बसली. दोघी रडल्या. मला तिथे बसवेना, म्हणून कारण नसताना स्टेशन डायरी बघायला बाहेर आलो. हसणारे ठाणे अंमलदार डोळे पुसत होते, पण ते कबूल करणार नाहीत.

पुढचं सगळं रीतसर. घरच्याच माणसाने दिलेली वस्तू, चोरी झालीच नाही, म्हणून न्यायालयाला तसा अहवाल पाठवला आणि आदेश आल्यावर पाळणा परत केला. वाळा पंचनाम्यात घेतलाच नव्हता. तो म्हातारीने त्याच दिवशी पदराच्या गाठीत बांधून नेला. पाळण्याचं काय करायचं, असं मिस्त्रीने विचारलं तेव्हा म्हाताऱ्याने आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच सुनेकडे पाहिलं आणि म्हणाला, "तू सांग." ती म्हणाली, जाळायचा नाय आता. पण सगळा रंग काढा.

राहिला मिस्त्री. पोलिसांनी सोडला म्हणजे माणूस सुटला असं कायद्यात असतं, बाजारात नसतं. त्याच्यासाठी दारं बंद व्हायला लागली होती. हे म्हाताऱ्याच्या कानावर गेलं असावं. आठवडी बाजाराच्या दिवशी, सगळी गर्दी असताना, तो माळ्यावरचा सागवानी पेटारा बैलगाडीत घालून बाजाराच्या मधून घेऊन आला, मिस्त्रीच्या टेम्पोजवळ उतरवला आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाबा, आमच्या घरचं सामान तुझ्याशिवाय कोणाला द्यायचं नाय." मी तिथे बंदोबस्ताला होतो. माफी मागायची ही रीत मला फार आवडली. आमच्या दहा चारित्र्य प्रमाणपत्रांनी जे झालं नसतं, ते एका पेटाऱ्याने झालं.

या केसने मला एक शिकवलं. चोरी झाली की आपण विचारतो, ही वस्तू कोणाला हवी होती? त्यानंतर मी दुसरा प्रश्नही विचारू लागलो, ही वस्तू कोणाला डोळ्यासमोर नको होती? पुष्कळ घरांतले गुन्हे या दुसऱ्या प्रश्नाने उलगडले.

निवृत्त व्हायच्या आधी त्या बाजूला एका जत्रेच्या बंदोबस्ताला गेलो होतो. म्हाताऱ्याने आग्रहाने घरी नेलं. पडवीत पाळणा टांगलेला, उघड्या लाकडाचा, तेलपाणी केलेला. आत धाकट्या सुनेचं बाळ झोपलं होतं. दोरी थोरलीच्या हातात होती.